जुन्या माउझरवर मोठ्या बोअरची रायफल : गनस्मिथचं काम आणि आपलं काम

बर्मिंगहॅमच्या गन क्वार्टरमध्ये, म्हणजे बंदुका बनवणाऱ्यांच्या जुन्या पेठेत, माझ्या ओळखीचा एक म्हातारा गनस्मिथ आहे. त्याच्या टेबलाखाली रायफलींच्या तुटक्या लाकडी दस्त्यांचा ढीग असतो. सगळे अक्रोडाचे आणि जवळजवळ सगळे एकाच जागी चिरलेले: दस्त्याच्या मानेवर, जिथे रिसीव्हरची, म्हणजे नळी आणि बोल्ट धरणाऱ्या पोलादी सांगाड्याची, मागची शेपटी, म्हणजे टँग, लाकडात संपते तिथे. मी टूलरूममधला माणूस, त्यामुळे एकसारखी मोड दिसली की कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही. विचारलं तर तो म्हणाला, "पुढचा लग, रिसीव्हरखालचा धक्का झेलणारा दात, नीट टेकला नव्हता. मग टँगने पाचरीचं काम केलं."

पुढे दीड वर्षं मी एका जुन्या जर्मन माउझर ॲक्शनवर (ॲक्शन म्हणजे रिसीव्हर, बोल्ट आणि मॅगझिन मिळून होणारं यंत्र) .४१६ रिग्बी या काडतुसाची, म्हणजे साधारण ०.४१६ इंच जाडीच्या गोळीची, रायफल उभी करत होतो. नळी, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा), प्रूफ (जादा दाबाची चाचणी) हे सगळं त्या म्हाताऱ्याकडे. लाकूड माझ्याकडे. हा लेख त्याच वाटणीप्रमाणे लिहिला आहे. लोखंडाच्या कामात आपण काय बघायचं आणि काय विचारायचं ते सांगतो, आणि लाकडाचं काम हाताने कसं करायचं ते सविस्तर सांगतो.

आधी कागद

इंग्लंडात १९६८च्या फायरआर्म्स ॲक्टप्रमाणे नुसती ॲक्शनसुद्धा परवान्यावर चढवावी लागते. नळीचंही तसंच. आधी पोलिसांकडून परवान्यात बदल करून घ्यायचा, मोठ्या बोअरची गरज का आहे ते पटवायचं (माझ्या बाबतीत आफ्रिकेत म्हशीच्या शिकारीचं ठरलेलं बुकिंग), आणि मगच खरेदी. परवाना हातात यायच्या आधी ॲक्शनवर पैसे अडकवू नका. लाकडी दस्त्याला तिथे परवाना लागत नाही, म्हणून लाकडाचं काम घरी निवांत करता येतं. लोखंड मात्र काम संपलं की दर रात्री कुलुपाच्या कपाटात.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: १९५९चा शस्त्र कायदा सुट्या भागांनाही शस्त्रच मानतो आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरत नाही. आजोबांची परवान्यावरची जुनी रायफल घरात असेल आणि दस्ता चिरला असेल, तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच जा. त्याच्याशी बोलताना पुढचे मुद्दे कामाला येतील.

ॲक्शन: काय शोधायचं, काय सोडायचं

१८९८ची माउझर ॲक्शन मोठ्या बोअरला अजून लोक पसंत करतात याचं कारण बोल्टला धरलेली लांब पोलादी नखी. काडतूस मॅगझिनमधून वर आलं की नखी त्याची कड लगेच पकडते आणि चेंबरात जाईपर्यंत सोडत नाही. रायफल तिरकी असो, उलटी असो, घाईत बोल्ट अर्धाच ओढलेला असो, काडतूस सुटून पडत नाही. समोर म्हैस असताना या गोष्टीची किंमत कळते म्हणतात. मी अजून ती वेळ पाहिलेली नाही.

नेहमीच्या ९८ ॲक्शनची लांबी सुमारे २२२ मिमी. माउझरच्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्याने मोठ्या काडतुसांसाठी काढलेली मॅग्नम ॲक्शन सुमारे २३५ मिमी. फरक फक्त १३ मिमीचा, पण किमतीत फरक कित्येक पटींचा, कारण ती फार थोडी बनली. पर्याय आहेत. फ्रान्सची ब्रेव्हेक्स. चेकोस्लोव्हाकियाची ब्रनो झेडकेके ६०२. गरिबाची मॅग्नम म्हणून ओळखली जाणारी एनफिल्ड पी-१४ आणि तिची अमेरिकन बहीण एम-१९१७. या शेवटच्या दोघींच्या मागच्या साइटचे कान कापून टाकावे लागतात. अमेरिकेतल्या एडिस्टोनच्या कारखान्यात बनलेल्या असतील तर जुनी नळी काढताना रिसीव्हर रिंगला, म्हणजे नळी जिथे पिळून बसते त्या पुढच्या भागाला, तडा गेला आहे का ते आवर्जून तपासा. त्या नळ्या कारखान्यात भलत्याच घट्ट पिळलेल्या असायच्या.

माझी ॲक्शन ओबर्नडॉर्फची मॅग्नम होती, पण नळी गेलेली. जुन्या प्रायमरचे क्षार आत राहून राहून खोबण्या गंजाने खाल्लेल्या, चेंबरच्या पुढे तर बोट घातलं तर खरखर लागावी अशा. म्हणूनच ती मी विकत घेतली. मूळ नळी, मूळ दस्ता आणि लंडनच्या बनवणाऱ्याचं नाव शाबूत असलेली रायफल मिळाली तर तिला हात लावू नका. अशा रायफली सुटी ॲक्शन मिळावी म्हणून मोडणारे लोक आहेत. जुनी सागवानी दारं जाळून पाणी तापवणाऱ्यांच्याच पंक्तीतले.

गनस्मिथबरोबर बसून तपासायच्या गोष्टी:

- बोल्ट उचलताना शेवटी जड जातो का? त्या काळातलं पोलाद आतून मऊ आणि वरच्या कातडीपुरतं कडक केलेलं असे. कोणी बोल्टचे लग (चेंबर बंद धरून ठेवणारे दात) घासून "चोख" बसवायच्या नादात ती कातडी पार केली असेल, तर दर गोळीला बोल्टचे लग रिसीव्हरमध्ये रुतत जातात. लगांच्या टेकणीवर पायरी पडलेली दिसली की व्यवहार तिथेच थांबवा.
- चुंबकीय पद्धतीने तड्यांची तपासणी. खर्च किरकोळ आहे, टाळू नका.
- डाव्या भिंतीत अंगठ्यासाठी खाच आहे का? असेल तर ॲक्शन बहुधा लष्करी. त्यात वाईट काही नाही, पण मॅग्नम म्हणून कोणी विकत असेल तर फूटपट्टी काढा.
- दुर्बिणीसाठी कोणी जादा भोकं पाडली आहेत का, विशेषतः पुढच्या रिंगमध्ये लगांच्या खोबणीवर.

काडतूस ॲक्शनला विचारून ठरवा

माणसं उलट करतात. आधी काडतुसाच्या प्रेमात पडतात आणि मग ॲक्शन कोरून त्यात बसवतात. नेहमीच्या लांबीच्या ९८मध्ये लांब काडतूस घालायचं तर मॅगझिनमधून काडतूस वर चढतं तो पुढचा उतार खरवडावा लागतो, आणि तो उतार म्हणजे बोल्टच्या खालच्या लगाला पाठबळ देणारं लोखंड. जेफ्री या लंडनच्या बनवणाऱ्याने आपली .४०४ नेहमीच्या ९८वर बनवली हे खरं, पण ते काम करणारे हात आता दुर्मीळ आहेत. असं काम आयतं केलेली ॲक्शन मिळाली तर दहादा विचार करा.

दाबाचं गणित मला सगळ्यात पटलं. युरोपच्या सीआयपी मानकांत .३७५ एच अँड एचचा कमाल दाब ४३०० बार, .४०४ जेफ्रीचा ३६५० आणि .४१६ रिग्बीचा फक्त ३२५०. रिग्बीचं काडतूस १९११ सालचं. उष्ण देशात काडतूस तापलं की दाब चढतो, म्हणून त्या काळी काडतुसाचा पितळी खोका प्रशस्त ठेवून दाब कमी राखत. ४१० ग्रेनची गोळी साधारण सेकंदाला ७२० मीटर, ऊर्जा ६९०० ज्यूलच्या आसपास. एवढं काम कमी दाबात होत असेल तर जुन्या पोलादाला तेच द्यावं. म्हणून .४१६.

या बोअरच्या आकड्यांच्या गोंधळात हिंदुस्थानचाही हात आहे. १९०७च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० बोअरच्या रायफलींवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या त्याच बोअरच्या जुन्या लष्करी रायफलीचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती लागेल ही भीती. मग इंग्लिश बनवणाऱ्यांनी .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारशेजारची काडतुसं काढली. एका सरकारी हुकमातून ही सगळी भावंडं जन्मली.

मॅगझिनची रुंदीही विचारा. माउझरच्या पेटीत काडतुसं आळीपाळीने डावी-उजवी बसतात. तीन काडतुसांची केंद्रं जोडली तर समभुज त्रिकोण व्हायला हवा. हिशेब सोपा: काडतुसाच्या बुडाचा व्यास गुणिले १.८६६. .४१६ रिग्बीचं बूड १४.९६ मिमी, म्हणजे पेटी मागच्या बाजूला साधारण २७.९ मिमी हवी. लष्करी ८ मिमी काडतुसाला २२.३ पुरते. अरुंद पेटीत जाड काडतुसं एकावर एक चढतात, मग वरच्याला दाबून खालचं अडकतं, आणि लोक स्प्रिंगला दोष देत बसतात.

गनस्मिथकडे चार भेटी

पहिल्या भेटीत नळीची लांबी आणि वजन ठरवलं. ६१० मिमी नळी आणि दुर्बिणीशिवाय तयार रायफल ४.५ किलोच्या आसपास. हलकी करायचा मोह आवरा. या काडतुसाचा धक्का .३०-०६च्या जवळजवळ तिप्पट असतो आणि वजन हीच त्यावरची सगळ्यात स्वस्त गादी. पट्ट्याची पुढची कडी दस्त्यावर नको, नळीवर घ्या, म्हणजे धक्क्यात डाव्या हाताची बोटं सोलून निघत नाहीत. नळीलाच खालून दुसरा लग जोडून घ्या. त्याचं काम पुढे येईल.

दुसऱ्या भेटीत नकली काडतुसं, म्हणजे दारू आणि प्रायमर नसलेली, मॅगझिनमधून चालवून पाहिली. हळू, जोरात, रायफल आडवी धरून. पन्नासदा चाललं तेव्हा कुठे म्हातारा पुढे गेला.

तिसरी भेट प्रूफसाठी. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३च्या कायद्याने सुरू झालं आणि अजून त्याच जागी आहे. नवी नळी बसली की तिथे कमाल दाबापेक्षा २५ टक्के जास्त दाबाची काडतुसं झाडून बघतात आणि मगच शिक्के मारतात. हे लाकडाच्या आधी करून घ्यायचं. ॲक्शन नापास झाली तर निदान अक्रोड तरी वाचतो.

चौथी भेट रंगाची, ती सगळ्यात शेवटी. साइट कथिलाच्या झाळणीने बसवल्या असतील तर गरम क्षारांच्या टाकीतलं काळं काम नको, झाळणी खाल्ली जाते. जुनी पद्धत घ्या: हलका गंज चढू द्यायचा, पाण्यात उकळायचं, तारेच्या मऊ ब्रशने झाडायचं, पुन्हा गंज. आठवडा जातो.

लाकूड

अक्रोड तुर्की असो, फ्रेंच असो की कॉकेशसचा, जात एकच, काश्मिरातलीच. दुकानदार रंग आणि नक्षी दाखवतो. तुम्ही मान बघा. फळीवर दस्त्याचा कागदी आकार ठेवा आणि मानेतून शिरा सरळ, मानेच्याच दिशेने जातात का ते तपासा. नक्षी मागच्या रुंद भागात कितीही नाचू दे. मानेतून शिरा तिरक्या बाहेर पडत असतील तर ते लाकूड .२२सारख्या कमी धक्क्याच्या छोट्या रायफलीसाठी ठेवा.

फळी साधारण ८४० × २०० × ६५ मिमी हवी. घरी आणल्यावर टोकांना मेण लावा आणि दर महिन्याला वजन करा. मी बायकोच्या स्वयंपाकघरातला काटा वापरायचो आणि फळीच्याच टोकावर पेन्सिलीने आकडा लिहायचो. पाच महिने वजन उतरत राहिलं, मग तीन महिने एकाच आकड्यावर थांबलं. तेव्हाच पटाशी काढली. घाई करून कोरलेल्या ओल्या लाकडात आज चोख बसलेलं लोखंड दिवाळीपर्यंत डुगडुगायला लागतं.

काजळी धरणं

लाकडात लोखंड बसवायची इंग्लिश पद्धत ऐकून मला हसू आलं होतं. रॉकेलच्या दिव्याची वात मोठी करायची, ज्योतीवर लोखंड धरायचं, काजळी बसली की लाकडात हलकेच दाबायचं. जिथे काळा ठिपका उठेल तेवढंच खरवडायचं. माझी आजी तांब्याच्या ताटलीवर काजळ धरायची ते हेच.

क्रम असा. फळीच्या दोन्ही कडा रंध्याने काटकोनात आणा आणि मध्यरेषा सगळीकडून फिरवून आखा. ही रेषा शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. ॲक्शनच्या दोन स्क्रूंची भोकं ड्रिल प्रेसवर पाडा, हातड्रिलने नाही. माउझरचे स्क्रू पाव इंची आणि इंचाला २२ आट्यांचे, हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे लांब मार्गदर्शक स्क्रू आधीच मागवून ठेवा. आधी खालचं लोखंड, म्हणजे मॅगझिन आणि चापाचं कडं, बसवा. मग त्याच भोकांच्या आधारे वरून रिसीव्हर आणि शेवटी नळीची खोबण.

वडलांकडून आलेली अर्ध्या इंची पटाशी मी या कामाला वापरली. सावंतवाडीत त्यांचं सुतारकाम होतं. ते म्हणायचे, पटाशीला धार असेल तर हाताला जोर लागत नाही, आणि हाताला जोर लागला तर लाकूड तुझं राहत नाही. अक्रोडात ते शब्दशः खरं आहे. एका वेळी नखाएवढी पातळ साल निघायला हवी. रिसीव्हर शेवटचे ३ मिमी खाली जायला मला अकरा संध्याकाळी लागल्या. शेवटी शेवटी दिवा पेटवून काजळी धरली की सबंध तळभर काळं उठायचं, म्हणजे सगळीकडे टेकतंय. ठिपके दोन-तीनच असतील तर लोखंड त्या दोन-तीन टेकाडांवर बसलेलं आहे.

लग आणि टँग

धक्का रिसीव्हरच्या पुढच्या लगावरून लाकडात जातो. हिशेब एवढाच: लगाचा मागचा चेहरा लाकडाला पूर्ण टेकला पाहिजे, आणि लगाच्या पुढे, बाजूंना, खाली थोडी मोकळीक पाहिजे. मी तिथे इन्सुलेशन टेपचा एकेक थर लावून साधारण पाव मिमी जागा ठेवली. मागे टेप नाही.

आणि टँगच्या मागे लाकूड टेकता कामा नये. अजिबात. अर्धा ते एक मिमी मोकळी फट. ज्यांना चोख काम दाखवायचं असतं ते नेमके इथेच फसतात. फट दिसली की कच्चं काम वाटतं, म्हणून टँग घट्ट बसवतात. मग काही गोळ्यांनी लगापाशी लाकूड दबतं, सगळा मारा टँगवर येतो आणि मान लाकडाच्या ओंडक्यासारखी फाटते. टेबलाखालचा तो ढीग असाच जमलेला.

एकट्या लाकडावर मी विसंबलो नाही. लगाच्या मागे आणि मॅगझिन व चापाच्या मधल्या भिंतीत असे दोन पोलादी आडवे बोल्ट घातले. नळीचा दुसरा लगही मागच्या चेहऱ्यावर टेकवला, म्हणजे मार दोन जागी वाटला जातो. लगांच्या जागी दोन मिमी लाकूड काढून पोलादाची पूड मिसळलेलं इपॉक्सी भरलं. जुने इंग्लिश कारागीर नाक मुरडतात, मुरडू देत.

इपॉक्सीच्या वेळी सगळ्या लोखंडाला मेणाचे दोन हात लावा आणि प्रत्येक भोक, प्रत्येक खाच मुलांच्या खेळण्यातल्या मातीने बुजवा. मी एक भोक विसरलो. सकाळी रिसीव्हर दस्त्यात असा रुतला होता की दोन्ही मिळून एकच वस्तू झाली होती. म्हाताऱ्याला फोन केला. तो दुकान बंद ठेवून बोल्ट आणि नळीसह सगळं घेऊन गेला, रात्रभर मोठ्या फ्रीजरमध्ये ठेवलं, आणि सकाळी रबरी हातोड्याच्या दोन टोल्यांत सोडवलं. लोखंड लाकडापेक्षा जास्त आकसतं. मला वाटलं रागावेल, पण त्याने फक्त चहाचे पैसे घेतले.

आकार

मापं स्वतःच्या अंगाची घ्या, छायाचित्रातल्या साहेबाची नाही. चापापासून मागच्या टोकापर्यंत इंग्लिश सरासरी १४ इंच, म्हणजे ३५५ मिमी. माझी उंची पाच फूट सहा इंच, मला ३४३ पुरले, तेही जाड जाकीट घालून. गालाखालची कड सरळ आणि पुढे किंचित उतरती ठेवा, म्हणजे रायफल मागे येताना गालापासून दूर सरकते. उलटा उतार ठेवला तर दर गोळीला गालफडावर चापट. मागचा भाग उंच आणि रुंद, त्यावर २५ मिमी भरीव रबर. हाताच्या पकडीचा बाक मोकळा ठेवा. घट्ट बाकात मधलं बोट चापाच्या कड्याला लागून राहतं आणि धक्क्यात सुजतं.

दस्ता शेवटच्या आकाराला आला की खोदकाम: इंचाला २२ रेघा, लांबट चौकटी. त्याचा सराव टाकाऊ अक्रोडावर करा. निदान महिनाभर. इथे यापेक्षा जास्त सांगून उपयोग नाही, ते हातालाच कळतं.

तेल

ओल्या फडक्याने लाकूड पुसा, गरम हवेने वाळवा. लाकडाची लव उभी राहते, ती ४०० नंबरच्या कागदाने काढा. हे तीनदा करा, नाहीतर पहिल्याच पावसात लव पुन्हा उठते.

मग उकळलेलं जवसाचं तेल. इंग्लिश कारागीर त्यात एका मुळाचा लाल रंग उतरवून घेतात. मूळ हातात घेतल्यावर ओळख पटली: आपल्या मसाल्याच्या दुकानातल्या रतनजोतीच्या जातकुळीतलं. तेलात दोन आठवडे भिजवलं की गडद लाल होतं आणि फिक्या अक्रोडाला जुन्या वाड्यातल्या खांबासारखी ऊब येते. तेल अगदी पातळ, तळव्याने घासून, तळवा गरम होईपर्यंत. आठवडाभर रोज एकदा, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग वर्षभर महिन्यातून एकदा. रबराखालचा उघडा शेव, नळीची खोबण, स्क्रूची भोकं, लगाभोवतीचं लाकूड, सगळीकडे तेल पोचलं पाहिजे. पाणी तिथूनच शिरतं.

तेलाची फडकी गोळा करून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर सुटी वाळत घाला.

पहिल्या चाळीस गोळ्या

पहिल्या गोळ्या गनस्मिथने रेंजवर झाडल्या. त्याने दोन्ही स्क्रू पुन्हा कसले, मागचा पाव आटा फिरला. मग माझी पाळी. उभं राहून, दोन्ही पायांवर, खांदा मोकळा, कानांवर दोन थर. टेबलावर टेकून साइट नेमावर जुळवताना वाळूची पिशवी खांदा आणि रबराच्या मध्ये ठेवा, आणि एका दिवशी दहापेक्षा जास्त गोळ्या नकोत. अकराव्या गोळीला माणूस डोळे मिटायला लागतो आणि मग दोष साइटचा निघतो.

चाळीस गोळ्यांनंतर दस्ता उतरवला. लगामागचं इपॉक्सी सारखं चमकत होतं, कुठे पांढरी रेघ नव्हती. आडव्या बोल्टांच्या टोकांभोवती तेल फुटलं नव्हतं. पुन्हा जोडून टँगच्या मागच्या फटीत पोस्टकार्डाची कड घातली. ती सुरुवातीला जशी सरकायची तशीच सरकली. तुमच्या रायफलीत ती अडकायला लागली, तर शिकारीला जाऊ नका. दस्ता उतरवा, दिवा पेटवा आणि लगावर पुन्हा काजळी धरा.